वळणाच्या आतली म्हातारी

दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरात, एका रविवारी सकाळी, मी आणि सम्राट मोटरसायकलवरून गगनबावड्याला निघालो. काम साधं होतं. घाटाच्या रस्त्याचे फोटो काढायचे, दर पन्नास पावलांवर एक, आणि दिवेलागणीच्या आत कोल्हापूर गाठायचं. हे भुताचं प्रकरण आहे असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. मी तसं म्हणत नाही. आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव नाहीत आणि भुतंही नाहीत. आजोबांनी दोघांना एकाच दिवशी घराबाहेर काढलं. मी पाहिलं तेवढं सांगतो, त्याला नाव तुम्ही द्या.

फोटो कशाला, ते आधी सांगायला हवं. मी, सम्राट आणि कृष्णात, आम्ही तिघं कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचो. पोरं बटणं दाबत खेळतात तसला खेळ नव्हे. टेबलाला स्टेअरिंग बांधायचं, पायात ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि वळणावर ब्रेक पाव सेकंद उशिरा लागला की गाडी गरकन फिरून बाहेर. समोर खरी माणसं असायची. कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, सगळे आपापल्या पडद्यासमोर आणि इंटरनेटनं एका रस्त्यावर. राजारामपुरीत कृष्णातचं नेट कॅफे होतं. ब्रॉडबँड आल्यापासून रविवारी दुपारी एक ते पाच तो शटर अर्धं ओढायचा, तीन मशीन आम्हाला आणि बाकीच्या जगाला सुट्टी.

सम्राटचं घर दुधाच्या धंद्यातलं. त्यानं मुंबईहून मागवलेल्या स्टेअरिंगमध्ये मोटर होती. गाडी खड्ड्यातून गेली की ते हातात थरथरायचं. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायला होतो. माझं स्टेअरिंग भंगारातल्या व्हॅनचं, आणि ते परत जागेवर यावं म्हणून मागं सायकलची ट्यूब ताणून बांधलेली. त्यात मोटर नव्हती, काहीच नव्हतं. तरी त्याच्यावर मी सम्राटला हरवायचो आणि ते त्याला सहन व्हायचं नाही. पॉलिटेक्निकपासूनची मैत्री म्हणतो मी, पण खरं बोलायचं तर शर्यत सुरू झाली की आम्ही एकमेकांचं वाईट चिंतायचो. तो मला भिंतीत घालायचा, मी त्याला दरीत घालायचो, आणि नंतर मिसळ खायला एकाच गाडीवरून जायचो.

त्या खेळात स्वतःचा रस्ता बनवता येतो. पुण्याची पोरं कायम परदेशातले ट्रॅक काढायची आणि आम्हाला शिकवायची. मी म्हटलं, आपला घाट बनवू, मग बघू कोण कुणाला शिकवतंय.

घाटात त्या दिवशी धुकं असं होतं की सम्राटनं मोटरसायकल जवळजवळ पायी चालल्यागत नेली. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त खालून चढणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकू यायचे आणि उतरणाऱ्यांच्या ब्रेक लायनरचा जळका वास ओल्या मातीत मिसळून नाकात बसायचा. मी फोटो काढत होतो, वहीत आकडे लिहीत होतो. तिसऱ्या मोठ्या वळणावर, आतल्या बाजूला, डांबर संपून माती सुरू होते तिथं, एक म्हातारी मक्याची कणसं भाजत बसली होती. मागं डोंगराची कड नाही, झाड नाही, नुसतं पांढरं. हिरवं लुगडं आणि शेगडीचा लाल डोळा तेवढा रंग.

मी कॅमेरा वर केला तशी तिनं हात आडवा धरला. काढू नको म्हणाली. मी म्हटलं, रस्त्याचा काढतोय. ती म्हणाली, मग मला मधनं वगळ. सम्राटनं दोन कणसं घेतली, तिला बोलण्यात गुंतवलं, आणि ती लिंबू चोळत असताना मी दोन पावलं बाजूला होऊन काढला. चांगला आला. ती सरळ माझ्याकडंच बघत होती.

"न्हाय म्हनलं न्हवं?" ती म्हणाली. आवाज वाढवला नव्हता. "मी काय जत्रंतली भावली हाय व्हय, कुनीबी बघायला?"

सम्राट हसला. तिनं शेगडीतलं अर्धवट जळकं कणीस उचलून आमच्या दिशेनं भिरकावलं, ते मोटरसायकलच्या चाकावर आपटलं. आम्ही निघालो. मला लाज वाटायला हवी होती. मला फोटो चांगला आल्याचा आनंद झाला होता.

रस्ता बनवायला दोन महिने गेले. घाटाचा पावणेचार किलोमीटरचा तुकडा अगदी मोजून उतरवला, आणि फेरी पूर्ण व्हावी म्हणून दोन्ही टोकं एका खोट्या सरळ रस्त्यानं जोडली. कठडे, मैलाचे दगड, सगळं जिथल्या तिथं. मग प्रेक्षक हवे होते. खेळात प्रेक्षक म्हणजे फोटोतून कापलेली चपटी चित्रं असतात. त्यांना एकच नियम लावतात: चित्र कायम बघणाऱ्याकडं तोंड करून फिरतं. बाजूनं पाहिलं तर नुसती उभी रेघ दिसेल, म्हणून त्याला बाजूनं दिसूच द्यायचं नाही. आता माणूस फोटोतून कापायचा म्हणजे मागं झाडं-दगड असले की बोटं मोडून येतात. माझ्याकडं स्वच्छ कापता येईल असा एकच फोटो होता, पांढऱ्या धुक्यातला. म्हातारीचा.

मी तिला कापली. लुगड्याचा रंग बदलून लाल केली, निळी केली, जांभळी केली, आणि घाटभर कठड्यापलीकडं सतरा ठिकाणी बसवली. अठरावी, हिरव्या लुगड्यातली, तिच्या खऱ्या जागी. तिसऱ्या वळणाच्या आत, मातीवर.

तिथंच घोळ होता. ते वळण वेगानं घ्यायचं तर गाडी आतल्या मातीवर घालावी लागते, म्हणजे थेट तिच्या अंगावर. चित्राला धडक लागत नाही, गाडी आरपार जाते. कृष्णात म्हणाला, तिला चार हात मागं सरकव. मी ऐकलं नाही. बाकीच्या सतरा मी बेधडक कुठंही बसवल्या होत्या, पण ही मात्र जागची हलवायची नाही म्हणून हटून बसलो. ड्रॉइंगवाल्याचा माज असतो तो. जे जिथं आहे ते तिथं.

पहिली फेरी मी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मारली, दुपारी दोनच्या सुमाराला. दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. म्हातारीतून गेलो तेव्हा हातातलं स्टेअरिंग डावीकडं हिसकलं.

मी थांबलो. ट्यूब बघितली, बोल्ट बघितले. पुन्हा गेलो आणि पुन्हा त्याच जागी हिसका बसला, एकदाच, आतून कुणी खांदा मारल्यागत. मोटर नसलेलं, सायकलच्या ट्यूबवर चालणारं स्टेअरिंग. कृष्णातनं नाक वर केलं आणि विचारलं, कुठं काय जळतंय का. त्यानं सगळ्या वायरी हात लावून पाहिल्या. मला वास ओळखू आला होता, ब्रेक लायनरचा, पण मी बोललो नाही. राजारामपुरीत बाहेर रस्ता आहे, रस्त्यावर ट्रक असतात, असं मी मला सांगितलं.

डिसेंबरात आम्ही रस्ता इंटरनेटवर टाकला, कुणीही उतरवून घ्यावा असा. पुण्याची पोरं खूश झाली. जानेवारीत त्याच रस्त्यावर आठ रविवारांची स्पर्धा ठरली. हेडफोनवर एकच वाक्य सारखं ऐकू यायचं: "म्हातारीतून जा." कुणी नवीन आला, वेळ जास्त लागला, की त्याला सगळे तेच सांगायचे. सम्राटनं तर एका दिवसात तिच्यातून किती वेळा गेलो ते शेवटी मोजून सांगायची पद्धत पाडली. आज एकसष्ट, आज त्र्याऐंशी. आम्ही हसायचो. मीही हसायचो, सगळ्यात मोठ्यानं, कारण ती माझी कारागिरी होती.

फक्त कृष्णात बाहेरून जायला लागला. दर फेरीला तीन दशांश सेकंद घालवायचा आणि विचारलं की म्हणायचा, मला तिच्यातनं जायला जमत न्हाय. त्याचा हातही हिसकत होता का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं.

चौथ्या रविवारी सम्राट आलाच नाही. फोनवर म्हणाला, ताप आहे. त्याच आठवड्यात कृष्णातनं काउंटरवर पेपर उघडून माझ्यासमोर सरकवला. आतल्या पानावर चार ओळी होत्या. गगनबावडा घाटात भरधाव पांढऱ्या गाडीच्या धडकेत कणसं विकणारी वृद्धा गंभीर जखमी, वाहनचालक पसार. वृद्धेचं नाव धोंडुबाई. मी ते नाव तेव्हा पहिल्यांदा वाचलं. दोन महिने तिचं तोंड मोठं करून करून कडा कापत बसलो होतो मी, पण नाव मला माहीत नव्हतं.

"तिला काढ आता त्यातनं," कृष्णात म्हणाला.

मी म्हटलं, स्पर्धा अर्ध्यावर आली आहे, आता रस्ता बदलला तर सगळ्यांच्या वेळा बाद होतील. हे मी खरंच म्हणालो. ती सरकारी दवाखान्यात पडली होती आणि मी वेळा बाद होण्याचं बोललो.

पाचव्या रविवारी सम्राट आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. कुणाशी न बोलता बसला. पहिल्या फेरीत मी त्याच्या मागं होतो आणि तिसऱ्या वळणावर, जिथं तो दातओठ खाऊन आत घालायचा, तिथं तो बाहेरून गेला. दुसऱ्या फेरीतही. मी त्याला आतून मागं टाकलं आणि जिंकलो. तो उठला, हेडफोन टेबलावर ठेवला आणि शटरखालून वाकून निघून गेला. शर्यत हरला तरी मिसळीला थांबणारा माणूस.

नंतर मी शर्यतीचं रेकॉर्डिंग लावलं. जिंकलेली शर्यत मी पुन्हा बघतोच, तेवढा हलकट आहे मी. त्यात कुठल्याही गाडीतून, कुठल्याही कोपऱ्यातून बघता येतं. मी माझ्या गाडीतून बघत होतो. कठड्यापलीकडं एकही म्हातारी नव्हती.

मला वाटलं, फाइल खराब झाली. मग नीट पाहिलं. जिथं जिथं तिला बसवली होती तिथं केसाएवढी उभी रेघ होती. लाल, निळी, जांभळी. त्या माझ्याकडं बाजू करून बसल्या होत्या. असं होत नाही. बघणाऱ्याकडं वळायचं, याशिवाय दुसरं काही त्या चित्राला येतच नाही, मी शिकवलंच नव्हतं. मी पडद्यावरची नजर एकेका गाडीत नेली. पुण्याच्या गाडीत, नाशिकच्या, कृष्णातच्या. सगळीकडं रेघा, कुठं थोड्या तिरक्या. मग सम्राटच्या गाडीत बसलो.

अठराच्या अठरा समोरून बघत होत्या. तो वळला की वळत होत्या, पुढं गेला की मागून बघत होत्या. मी त्याची गाडी सोडून डोंगराच्या टोकावर कॅमेरा नेला, तरी त्या त्याच्या गाडीकडंच वळत राहिल्या, घाटभर. शर्यत संपून सम्राटची गाडी थांबली. सगळ्या तोंडं तिच्याकडं करून थांबल्या...

कृष्णात माझ्या मागं उभा होता. त्यानं हात लांबवून पडदा बंद केला.

मी तिथून सम्राटच्या घरी गेलो. संध्याकाळचे सहा वाजत होते, अंगणात दुधाचे कॅन धुवून पालथे घातले होते आणि त्याच्या भावाची पांढरी गाडी ताडपत्रीखाली होती. ताडपत्री मी उचलली. एक दिवा पिवळट, जुना. दुसरा नवा कोरा. सम्राट पडवीतून बघत होता. मी बोललो ते सगळं सांगत नाही. गगनबावड्याच्या पोलीस चौकीत चल एवढं मी चार वेळा म्हणालो. तो आधी नाही म्हणाला, मग मला घरातून निघ म्हणाला, मग पडवीच्या कट्ट्यावर बसला.

"आणि काय सांगशील तिथं? चित्रानं माझ्याकडं बघितलं?" तो म्हणाला. "तुमच्यात भुतं मानत न्हाईत न्हवं. मग भितोस कशाला?"

मी म्हटलं, ती बाई भूत नाही, ती जिवंत आहे.

मग तो अगदी हळू, कॅनकडं बघत म्हणाला, "मला ती दिसली रं. लांबनं दिसली... हिरवं लुगडं. हजारदा गेलो असंन मी तिच्यातनं. पाय ब्रेकवर गेलाच न्हाय. मला वाटलं, जातीय गाडी... आरपार."

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तिथं बसवली कुनी तिला? कृष्णात म्हनत हुता, मागं सरकव."

मी ताडपत्री परत गाडीवर ओढली आणि निघालो. तिथून पुढं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

त्या रात्री मी इंटरनेटवरून रस्ता काढून टाकला. त्याचा काही उपयोग नव्हता. तोवर चौदाशे जणांनी तो उतरवून घेतला होता, आणि कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी तो दुसऱ्या साइटवर टाकला होता, माझं नाव पुसून. एकानं खाली इंग्रजीत लिहिलं होतं, तिसऱ्या वळणाला बाईमधून जा, तीन दशांश वाचतात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी एसटीनं गगनबावड्याला गेलो. एकटा. दवाखान्यानं धोंडुबाईला घरी पाठवलं होतं, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. मी तिच्या घरच्यांना सगळं सांगणार होतो, सम्राटचं नाव आणि माझंही, आणि मग चौकीत जाणार होतो. एसटीत मी वाक्यं जुळवत होतो. खोटी वाटतील अशीच सगळी वाक्यं होती.

घर गावाबाहेर उतारावर होतं. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि आत गेलो तर हात दिसेना. लाईट नव्हती. कोनाड्यात रॉकेलची चिमणी लावली होती, तिचा काळा वास आणि औषधी तेलाचा वास खोलीत कोंडला होता. चिमणाबाई, म्हणजे धोंडुबाईची लेक, पन्नाशीच्या आतबाहेरची, मला पाणी देऊन भिंतीला टेकून बसली. मी दवाखान्यातला कुणी आहे असं तिला वाटलं असावं. खाटेवर धोंडुबाई पडली होती. कंबरेच्या खाली काही चालत नव्हतं, बोलणं गेलं होतं. डोळे आढ्याला लागलेले होते, मी आल्याचं तिला कळलं असं दिसलं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं आणि खाट हलली.

धोंडुबाईचं सगळं अंग डावीकडं हिसकलं. एकदाच. खांद्यापासून. मग पुन्हा शांत, फक्त श्वास जोरात. चिमणाबाईनं उठून तिच्या तोंडावरचा घाम पुसला, रोजचं काम करावं तसा.

अपघातापासून हे असं होतंय का, मी विचारलं.

"न्हाय वो पावणं. ते आधीपासनं हाय," ती म्हणाली. "तुळशीचं लगीन झालं त्या दिसापासनं. दुपारी कणसं भाजता भाजता पडली. मग रोज... कवा दहा डाव, कवा शंभर. म्हनायची, अंगातनं गाड्या जात्यात माझ्या."

रविवारी फार व्हायचं, असंही ती म्हणाली. आईला घरात राहा म्हणून विनवलं, पण कणसं विकल्याशिवाय चूल कशी पेटणार. शेवटी शेवटी तिला गाडी आलेली कळायचीच नाही. खरी कुठली आणि अंगातली कुठली. म्हणूनच त्या दिवशी ती बाजूला सरकली नसेल, असं चिमणाबाईला वाटत होतं.

मी ऐकत होतो आणि माझा हात आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडं गेला होता. ती सवय आहे, मला ती थांबवता येत नाही. खाट पुन्हा हलली. तीन मिनिटं दोन सेकंद. मी वाट पाहिली. पुढचा हिसका दोन मिनिटं अठ्ठावन्नला. त्याच्या पुढचा दोन पंचावन्नला. या फेरीच्या वेळा होत्या.

मी बाहेर उन्हात आलो आणि मोबाइलला रेंज येईपर्यंत उतारावर चढत गेलो. कृष्णातला म्हटलं, मशीन बंद कर, आपला सर्व्हर बंद कर, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, राजारामपुरीत सकाळपासून लाईट नाही, शटर उघडलेलंच नाही. त्यानं पुण्याला फोन करून विचारलं आणि मला परत केला. तिथं सगळे कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. आमच्यापैकी कुणी खेळत नव्हतं.

मी परत आत गेलो, खाटेजवळ बसलो. घड्याळ बघत बसलो. चार मिनिटं झाली तरी काही झालं नाही. धोंडुबाईचा श्वास हलका झाला, चिमणाबाईनं हातातला पदर सोडला, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग हिसका बसला, आणि दोन मिनिटं त्रेपन्न सेकंदांनी पुढचा. तेव्हा मला कळलं. खेळणारा जो कुणी होता तो मध्ये कुठंतरी भिंतीला आदळला होता आणि परत पहिल्यापासून निघाला होता. नवा होता. अजून हात बसायचा होता, पण चांगला होता. दर फेरीला दोन-तीन सेकंद कमी करत होता. कुठला होता, कोण होता, काही कळायला मार्ग नव्हता.

मग मी सांगितलं. सम्राटचं नाव सांगितलं, पण ते सोपं होतं. माझं सांगायला जड गेलं. मी म्हटलं, धुक्यात फोटो मी काढला, त्या नाही म्हणाल्या होत्या तरी. मी त्यांना एका रस्त्यावर बसवलं, तो रस्ता खोटा आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि लोक त्यांच्यावरून गाड्या नेतात. किती लोक ते मला माहीत नाही. चिमणाबाई ओरडेल, मला मारेल, असं वाटत होतं. मला ते हवं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. चिमणीचा उजेड तिच्या एका गालावर होता. तिला त्यातलं काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही.

"मग काढा की तिला तिथनं," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. मला काढता येत नाही, हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

खाट हलली. दोन पन्नास. चिमणाबाईनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि आम्ही दोघं पुढच्याची वाट बघत बसलो. दोन अठ्ठेचाळीसला तो आला, डावीकडं, खांद्यापासून. धोंडुबाईनं डोळे मिटले. आणि तिचं अंग खाली टेकायच्या आत, अर्ध्या सेकंदानं, दुसरा हिसका बसला.

त्याला जोडीदार मिळाला होता.